शाइस्ताचा गिअरबॉक्स

प्रिय हमजा,

हे पत्र तुझ्या हातात रहिमतुल्ला देईल. तो आमच्या भवानी पेठेतला, माझ्या घरापासून चार घरं सोडून राहतो. त्याला मस्कतला काम लागलंय आणि त्याची खोली तुझ्याच बाजूला आहे असं कळलं, तेव्हा म्हटलं हा योग सोडायचा नाही. त्याच्या बॅगेत शेंगाचटणी आणि कडक भाकरीपण दिल्यात. वाटेत तो त्यातलं किती खाईल सांगता येत नाही, उरेल तेवढं तुझं. तू म्हणशील, पत्र कशाला, फोन होता की. फोन मी केला होता. दोन वेळा केला. दोन्ही वेळा तुझी तब्येत, माझी तब्येत, तिथलं ऊन, इथलं ऊन इथपर्यंत नीट चाललं आणि मग मी तुझ्या पोरीचं नाव घेतलं की लाईन कट. कागदाला तसं करता येत नाही. फाडायचं तर फाड. पण तू इंजिनाचा जुना नटसुद्धा दोनदा बघितल्याशिवाय फेकत नव्हतास, म्हणजे हेही वाचूनच फाडशील.

मराठीत लिहितोय याचं नवल वाटायला नको. तुझ्या घरात दखनी, माझ्या घरात कन्नड, आणि आपण दोघं शाळेपासून मराठीत. मस्कतला तर ती आपली गुप्त भाषा झाली होती. मालक समोर उभा असताना त्याच्याच गाडीबद्दल, त्याच्याच पोटाबद्दल आपण काय काय बोलायचो आणि तो मान डोलवायचा. आता ती भाषा बोलायला इथे अख्खं सोलापूर आहे, पण तसं बोलायला कुणी नाही. नीलम्मा गेल्यावर घरातलं कन्नडही गेलं. 'ऊटा आयता' म्हणून विचारणारं, जेवलास का म्हणणारं, कुणी नाही. शेजारी पूर्वी यंत्रमाग होते, त्यांच्या खटखटीने कपाळ उठायचं. ते मागही बंद पडले. मालकाने भंगारात घातले. पहिल्या रविवारी मला झोपच लागली नाही, कानाला काहीतरी कमी पडत होतं. हल्ली गॅरेजवरून घरी आलो की टीव्ही लावतो आणि पाठ करून स्वयंपाक करतो. कोण काय बोलतंय याच्याशी मला काही घेणं नसतं. माणसं बोलतायत एवढं पुरतं.

गॅरेज अक्कलकोट रोडलाच आहे, एमआयडीसीच्या मागच्या अंगाला. तू बघितलेलं. पाटी बदलली, बाकी तेच. परत आलो तेव्हा वाटलं होतं, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं काम येणारा माणूस सोलापुरात उपाशी मरणार. आठ वर्षांत चित्र बदललं. आता डॉक्टर, बिल्डर, शाळामास्तर, सगळ्यांना क्लच नसलेली गाडी पाहिजे. बिघडली की कंपनीवाले सांगतात, उघडायचं नाही, अख्खाच नवा बसवा. मग माणसं विचारत विचारत माझ्याकडे येतात. काम आहे. माणूस नाही. एकटाच असतो. गाडीखाली पडून काम करताना सवयीने हात मागे करतो, पाना मागायला, आणि तसाच रिकामा परत घेतो. हात मागे करायची ती सवय मोडायला मला फार दिवस लागले. मोडली असं म्हणेपर्यंत ती पोरगी आली.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. दुपारी एक टेम्पो आला, त्याच्या मागे दोराने ओढत आणलेली दुहेरी केबिनची पिकअप. टायर असे की माझ्या कमरेला लागावेत. नाकाडावर लोखंडी कठडा, वर दिव्यांची रांग. मी मनात म्हटलं, आला कुणीतरी द्राक्षवाल्याचा लाडका. आणि स्टिअरिंगवरून एक मुलगी उतरली. डावा पाय घोट्यात वळत नव्हता, तो सरळ टेकवून, मग उजवा. मला नमस्कार केला आणि काही सांगायच्या आधी बॉनेट उघडून कान लावला, डोळे मिटून. इंजिन तर बंद होतं. म्हणाली, अजून आत टिकटिक होतेय, गरम आहे. हमजा, डोळे मिटून कान लावणारा माणूस मी आयुष्यात एकच बघितलाय. मी विचारलं नाही तू कुणाची म्हणून. ती लहान असताना तिच्या अम्मीच्या, तुझ्या मदिनाबीच्या, कडेवर बघितली होती, नंतर फोटोत. तिला मात्र मी कोण ते माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच आली होती.

तिचा घोटा कुंभारीजवळच्या अपघातात गेला एवढं तुला माहीतच आहे. स्कूटरवरून येत होती, मागून ठोकर. डॉक्टरांनी सांधा कायमचा जोडून टाकला, म्हणजे तो पाय चालायला आहे, क्लच दाबायला नाही. मदिनाबी आजारी असताना तिने जे दोन टेम्पो सुरू केले, टॉवेल-चादरींचे गठ्ठे हैद्राबादला नेणारे, ते अजून चालू आहेत. त्यांवर ड्रायव्हर आहेत. पण स्वतः चालवायची तिची हौस काही मिटेना, म्हणून तिने ही जुनी ऑटोमॅटिक पिकअप घेतली. नुसती घेऊन थांबली असती तर तू पण काही बोलला नसतास. तिने पुण्याहून इंजिनची ताकद वाढवून आणली, मोठे टायर चढवले आणि खाणीतल्या, डोंगरातल्या स्पर्धांना जायला लागली. त्यातलाच एक व्हिडिओ कुणीतरी तुला पाठवला. मग तुझा फोन, 'गाडी विक, नाहीतर मला अब्बा म्हणू नकोस.' तिने विकली नाही. अब्बा म्हटलंही नाही. दोघंही एकाच लोखंडाची.

गिअरबॉक्स तिसऱ्यांदा गेला होता. मी खालचा तेलाचा तवा उघडला तर तेल काळं, डांबरासारखं, आणि तो जळका वास. तुला नाकासमोर धरल्यासारखा आठवेल. आतल्या प्लेटा घासून पार उघड्या पडलेल्या. तिला मी सांगितलं, ऑटोमॅटिकमध्ये तुझा पाय करत नाही ते काम या प्लेटा करतात, तेलाच्या दाबाने एकमेकींना धरून ठेवतात. कारखान्याने जेवढं इंजिन दिलं तेवढ्याला धरायचा यांचा जीव. तू इंजिन वाढवलंस, टायर वाढवले, यांना कुणी विचारलं नाही. मग त्या निसटतात, निसटल्या की तापतात, तापल्या की तेल जळतं, तेल जळलं की आणखी निसटतात. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, मग यांना पण वाढवता येतं का?

येतं. तुला आणि मला येतं. पण मला तिच्या तोंडून तो प्रश्न ऐकल्यावर सालिम दिसला.

हे नाव मी कागदावर पहिल्यांदा लिहितोय. तू वाचणं थांबवू नकोस. मस्कतला त्याची पांढरी पिकअप अशीच यायची, गिअरबॉक्स जाळून, हसत. वाळूच्या टेकडीवर अर्ध्यात दम तोडायची आणि तो पोरगा ती ओढत आपल्याकडे आणायचा. शेवटी आपल्यालाच ईर्ष्या आली. प्लेटा वाढवल्या, आतला दांडा कडक करून आणला, पुढे तेल थंड ठेवणारा मोठा कूलर बसवला. त्यानंतर तो गिअरबॉक्स कधी गेला नाही. आणि त्या थंडीत सालिम ती टेकडी पार चढला आणि पलीकडे, जिथे वाळू सरळ तुटलेली होती, तिथे गेला. चुरा झालेली गाडी आपल्या गॅरेजला आणली तेव्हा तू कुणी न सांगता गिअरबॉक्स उतरवून उघडला. प्लेटा नव्यासारख्या. तू जमिनीवर बसलास आणि म्हणालास, "प्रभू, हा मोडला असता तर पोरगं वाचलं असतं." त्यानंतर तू गिअरबॉक्सला हात लावला नाहीस. सुट्या भागांच्या काउंटरवर जाऊन बसलास. लोकांना वाटलं तुझी पाठ दुखते. मी पण तेच सांगत होतो. पुढे नीलम्माच्या आजारपणाने मी परत आलो आणि तू तिथे राहिलास, आणि हे आपण दोघांनी परत कधी काढलं नाही.

म्हणून मी शाइस्ताला स्पष्ट सांगितलं, मी हा नीट करून देईन, पण कारखान्याने दिला तसा. त्याच्या वर एक प्लेट नाही. तिने कारण विचारलं. मी सांगितलं नाही. ती रागावली, पण तुझ्यासारखी. आवाज चढवला नाही, नुसती मान वळवली. मी म्हटलं तसाच नीट करून दिला आणि ती गाडी घेऊन गेली. जाताना म्हणाली, पुढच्या महिन्यात जुन्या खाणीत स्पर्धा आहे, या बघायला. मला वाटलं रागाने म्हणतेय. पण स्पर्धेच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला.

गेलो. टॉवेल डोक्यावर टाकून एका दगडावर बसलो. पुण्याची, बेळगावची, हैद्राबादची पोरं, मोठमोठ्या गाड्या, माईकवर कुणीतरी ओरडतंय. तिचं नाव पुकारलं तेव्हा मागे दोन माणसं हसली. खाणीच्या भिंतीला खालून वर असे तीन चढ होते, एकापेक्षा एक उभे. पहिले दोन ती अशी चढली की त्या हसणाऱ्यांनीच शिट्ट्या मारल्या. तिसऱ्यावर अर्ध्यात आली असेल नसेल, इंजिनचा आवाज एकदम मोकळा झाला, भणाणला, आणि चाकं थांबली. तुला सांगायला नको तो आवाज कशाचा. गिअरबॉक्सने हात सोडला. गाडी क्षणभर तशीच राहिली आणि मग मागे यायला लागली. तिने ब्रेक दाबला होता, चारी चाकं बांधली होती, तरी त्या खडीवरून गाडी घसरत, वाकडी होत, खाली येत होती. मी पळालो. माझ्याने पळवत नाही, पण पळालो. छातीत काहीतरी आवळल्यासारखं झालं, ते मी घाबरण्यावर ढकललं. मागचा भाग मुरुमाच्या ढिगात घुसला आणि गाडी एका अंगावर कलून थांबली. ढीग दोन हात अलीकडे पलीकडे असता तर मी हे पत्र लिहीत नसतो.

मी दार ओढून उघडलं. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून ती बसली होती. चेहऱ्यावर रंग नव्हता. मला म्हणाली, "काका, गिअर सुटला. मी काय नाय केलं." लहान मूल काच फुटल्यावर म्हणतं तसं. एवढी व्यापार करणारी, ड्रायव्हरांना दम देणारी पोरगी, आणि पहिलं वाक्य हे. मी तिला म्हटलं, तू काही केलं नाहीस. तिला खाली उतरवून सावलीला बसवलं आणि पाणी पाजलं. आणि हमजा, तिथे बसल्या बसल्या मला कळलं की तुझं ते वाक्य आपण दोघं इतकी वर्षं उराशी धरून बसलोय आणि ते अर्धंच आहे. मोडला असता तर पोरगं वाचलं असतं, असं तू म्हणालास. इथे मोडला, आणि पोरगी जाता जाता राहिली.

दुसऱ्या दिवशी गाडी माझ्याकडे आली आणि मी तिला म्हटलं, बस, आता करू. तिला खाली मांडी घालता येत नाही, म्हणून घरून नीलम्माचं स्टूल आणून दिलं. त्यानंतरचे दिवस कसे गेले ते तुला सांगायला पाहिजे असं वाटतं, कारण त्या दिवसांत मी दर घटकेला मनात तुझ्याशी बोलत होतो. प्लेटा हैद्राबादहून मागवल्या. आतल्या डब्याला खाच वाढवून एक जोडी जास्त बसवली. दाबाच्या झडपा साफ करून नव्या स्प्रिंगा घातल्या. खोल तवा केला, म्हणजे तेल जास्त मावेल. पुढे मोठा कूलर, आणि तिच्यासमोर तेलाचं तापमान दाखवणारा काटा. इंजिनवाल्या पुण्याच्या पोराला फोन करून सांगितलं, ताकद थोडी खाली आण, गिअर बदलताना एक श्वास घेऊ दे. तो कुरकुरला. शाइस्ता त्याच्याशी बोलली, मग केलं त्याने. ती सकाळी टेम्पोंचं काम उरकून यायची, रॉकेलमध्ये एकेक भाग धुवायची, फडक्यावर मांडायची. डबा दोघांना पुरेल एवढा आणायची. एकदा गाडीखाली पडलो होतो, न बघता हात मागे केला, आणि तेराचा पाना बरोबर तळहातावर आला. थोडा वेळ काम थांबवून तसाच पडून राहिलो. तिला वाटलं नट अडकलाय.

सालिमचं मी तिला तेव्हाच सांगितलं. गिअरबॉक्स जोडत होतो, हात कामात होते, म्हणून बोलता आलं. तिने हातातला भाग पुसून फडक्यावर ठेवला. मग म्हणाली, अब्बांनी मला हे का नाही सांगितलं, नुसतं गाडी विक म्हणाले. मी म्हटलं, त्याला भीती म्हणता येत नाही, त्याला राग म्हणता येतो. बहुतेक बापांचं तसंच असतं. असं मी म्हटलं, पण मी कुणाचा बाप नाही, ऐकीव बोललो. त्या सगळ्या दिवसांत तिने तुझ्याबद्दल स्वतः होऊन एकच गोष्ट विचारली. "काका, अब्बा तिकडं हसतात का?" मी म्हटलं, मी होतो तोपर्यंत हसायचा. आताचं मला माहीत नाही.

गाडी तयार झाली, गेली, आणि गॅरेज पुन्हा होतं तसं झालं. नाही, होतं त्यापेक्षा वाईट. आधीचं रिकामेपण मला ओळखीचं होतं. हे नवीन होतं. स्टूल भिंतीला लावून ठेवलं, मग नको वाटलं म्हणून पत्र्यामागे नेऊन ठेवलं, मग परत आणलं. दहा-बारा दिवसांनी पिकअपचा आवाज आला. म्हणाली, तेल बघता का जरा. तेल लालभडक होतं, कालच भरलेलं असावं तसं. मी बराच वेळ बघितलं. पांढऱ्या कागदावर थेंब टाकला, उन्हात नेऊन बघितला, बोटांवर चोळला. ती स्टूलवर बसून टेम्पोवाल्याची भांडणं सांगत होती. पुढच्या आठवड्यात परत तेल बघायला आली. मी परत बघितलं. तिच्या घरीही आता कोण आहे रे? मदिनाबी नाही, तू नाहीस. ती ज्या खोल्यांमधून माझ्याकडे येते आणि मी ज्या खोलीतून गॅरेजला येतो, त्यांच्यात फार फरक नसावा.

आता दुसऱ्या स्पर्धेचं सांगतो, ते तुझ्यासाठी राखून ठेवलंय. हिवाळा संपता संपता झाली, दुधनीच्या अलीकडे, ओढ्याकाठच्या माळावर. तिथे शेवटी एक टेकाड होतं, वर गेलेल्याला पहिलं बक्षीस. तिच्या आधी दोघं गेले, एकाचा टायर फुटला, एक जण पोचला. मग ही. गाडी अशी चढत होती की मी उभा राहिलो. गिअर बदलल्याचा धक्का नाही, आवाज मोकळा होत नाही, सगळी ताकद चाकापर्यंत. हमजा, आपलं काम होतं ते. माथा गाडीच्या दोन लांबीवर राहिला असेल, आणि ती थांबली. गाडी धरून ठेवली त्या चढावर. गिअरबॉक्सने तिला तशी उभी धरली. मग सावकाश, मागे बघत, ती उतरली. माईकवाला काहीतरी चेष्टेने बोलला. खाली आल्यावर मी विचारलं, का परत आलीस, अजून जोर होता की. ती म्हणाली, "तेल तापलं होतं काका. आणि पलीकडचा उतार दिसत नव्हता." एवढंच. मग बाटलीतलं पाणी प्यायली आणि दुसऱ्या कुणाची तरी गाडी बघायला गेली. बक्षीस मिळालं नाही. मी त्या टेकाडाकडे बघत बसलो होतो. सालिमला काटा नव्हता, हे खरं. पण काटा बघूनही जाणारे खूप बघितलेत आपण. तुझी मुलगी बघून थांबली. हे तू बघायला पाहिजे होतंस. माझ्या शेजारी जागा होती.

आता माझी बातमी. गेल्या महिन्यात एका गाडीखाली काम करताना ते खाणीतलं आवळणं परत आलं, या वेळी डाव्या हातापर्यंत. बाहेर सरकून भिंतीला टेकून बसलो. घाम असा की शर्ट पिळावा. फोन हातात होता आणि कुणाला लावायचा हे सुचेना. पुतणे कलबुर्गीला. शेजारी कामावर. ते जे काही क्षण होते, हमजा, दुखण्यापेक्षा ते वाईट होते. नावं खाली सरकवत होतो आणि प्रत्येक नावाला काहीतरी अडचण होती. शेवटी तिला लावला. ती कुठल्या चौकात होती कोण जाणे, पण आली. मला पिकअपमध्ये चढवताना तिचा तो पाय दोनदा लटपटला. वाटभर हॉर्न वाजवत, एका हाताने माझं मनगट धरून, सगळी गर्दी कापत तिने मला दवाखान्यात पोचवलं. मी मधेच म्हटलं म्हणे, गिअर छान बदलतोय. मला आठवत नाही, तीच सांगते आणि हसते.

दवाखान्यात खिडकीवरच्या बाईने माझं नाव विचारलं, तिने प्रभुलिंग सांगितलं, आडनाव सांगितलं. मग बाईने तिचं विचारलं, तिने शाइस्ता सांगितलं. बाईने मान वर करून एकदा तिच्याकडे, एकदा स्ट्रेचरवरच्या माझ्याकडे बघितलं. कपाळावरची विभूती घामाने पुसली होती, तरी गळ्यातलं इष्टलिंग दिसत होतं. विचारलं, पेशंटच्या तुम्ही कोण? ती म्हणाली, मुलगी. बाईने परत विचारलं, ऐकू आलं नसेल असं समजून. तेव्हा ती जरा चढ्या आवाजात म्हणाली, "मुलगी म्हणाले की."

तीन रक्तवाहिन्या बंद आहेत. पुढच्या बुधवारी ऑपरेशन आहे, म्हणजे रहिमतुल्ला तुझ्याकडे पोचेल त्याच्या दोन-चार दिवसांनी. डॉक्टर चांगला आहे, भ्यायचं कारण नाही म्हणतो, आणि मी तसा भीतही नाही. तिने सगळं ठरवलंय, कोण थांबणार, डबा कुठून येणार. हे पत्र लिहायचं कारण एवढंच, की 'मुलगी' हा शब्द तुझा आहे आणि मी तो घेऊन बसलोय. नीलम्माला आणि मला पोर नव्हतं, माझ्याबद्दल तो आयुष्यात कुणी वापरला नव्हता. मला तो इतका आवडला की मी तुला न कळवता तीन आठवडे नुसता ठेवून घेतला. बुधवारी मी उठलो तर मी तो सहजी परत देईन असं नाही, हे आधीच सांगतो. पण नाही उठलो, तर त्या खिडकीपाशी ती एकटी उभी असेल आणि पुढे तिला कुणाला फोन लावायचा हा प्रश्न पडेल. तो प्रश्न काय असतो ते मला आता माहीत आहे. म्हणून बुधवारच्या आधी तिला फोन कर. गाडीबद्दल बोलू नकोस वाटलं तर नको बोलूस, तेलाबद्दल विचार, टेम्पोंबद्दल विचार, काहीही विचार. तिचा नंबर तोच आहे. दोनदा चांगली स्कीम आली होती, मी म्हटलं नवा घे, हा जुना कशाला ठेवलास. ती म्हणाली, "तिकडं हाच माहीत आहे, काका."

तुझाच,
प्रभू